गावाशेजारी गिट्टी खदान येणार असेल तर… तपासणी कोण करतं आणि गावाचं म्हणणं नोंदलं कुठे जातं?



दहावीच्या विज्ञानात ‘पर्यावरणीय व्यवस्थापन’ हा पाठ आहे. सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामसभा येते. मुलं दोन्ही पाठ वाचतात, कायद्यांची नावं आणि सालं पाठ करतात. पण उद्या गावाच्या शिवारात गिट्टी खदानीचा अर्ज आला, तर यातलं नेमकं काय कामाला येतं? हा प्रश्न विचारला की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, “ते वरून ठरतं, आपल्या हातात काय?”

ठरतं वरूनच, हे खरं आहे. पण वर ठरवणाऱ्यांसमोर जे कागद जातात, त्यातली बरीचशी माहिती गावातूनच उचललेली असते. ती बरोबर आहे की चूक, हे गावाइतकं कोणालाच कळत नाही. आजच्या लेखात हे सगळं क्रमाने पाहू. उदाहरणासाठी आपल्या बुलढाणा तालुक्यातलं देऊळघाट डोळ्यांसमोर ठेवू. इथे अमुक एक खदान येतेय असं मला सांगायचं नाही. देऊळघाटसारख्या गावाजवळ समजा असा अर्ज आला, तर काय होईल आणि काय करता येईल, एवढंच पाहायचं आहे.

गिट्टी लागतेच, मग अडचण कुठे आहे?

आधी एक गोष्ट मान्य करू. शाळेची खोली, घराचा स्लॅब, पांदण रस्त्याचं खडीकरण, यातलं काहीही गिट्टीशिवाय होत नाही. त्यामुळे ‘खदान म्हणजे वाईट’ असं मुलांना शिकवणं बरोबर नाही. ही खदान कुठे, किती खोल, किती वर्षं, आणि तिच्या शेजारी काय आहे, हे विचारायला शिकवणं बरोबर आहे. एकच खदान माळरानावर चालून जाते आणि विहिरींच्या शेजारी आली की गावाचं पाणी बिघडवते.

दगड आणि पाणी यांचं नातं

आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर पसरत गेला आणि थंड होऊन हा दगड झाला. त्याला दख्खनचं पठार किंवा दख्खन ट्रॅप म्हणतात. या दगडाची एक खूण आहे. घट्ट, अखंड बेसॉल्टमध्ये पाणी फारसं मुरत नाही. पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात, दगडातल्या भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यांत. आपल्या विहिरींना पाणी येतं ते इथूनच. विहीर खोदताना ‘झरा लागला’ म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा अशी एखादी भेग किंवा पट्टा लागलेला असतो.

गिट्टीसाठी मात्र खालचा घट्ट दगड हवा असतो. म्हणजे आधी माती आणि मुरूम काढायचा, मग सुरुंग लावून दगड फोडायचा. पाणी धरून ठेवणारा थरच आधी जातो. खड्डा शेजारच्या विहिरीच्या तळापेक्षा खोल गेला आणि दोघांना जोडणारी भेग असली, तर पाणी खड्ड्याकडे ओढलं जातं. खदानीत साचलेलं पाणी मोटर लावून उपसलं की विहिरीची पातळी आणखी उतरते. प्रत्येक खदानीजवळ असं होईलच असं नाही. भेगा कशा आहेत त्यावर ते अवलंबून आहे. म्हणूनच तपासणी आधी करायची असते, खदान सुरू झाल्यावर नाही.

देऊळघाटच्या पलीकडच्या अजिंठा डोंगररांगेत पैनगंगा उगम पावते. याच नदीवरच्या येळगाव धरणातून बुलढाणा शहराला पाणी मिळतं. उगमाकडच्या भागात नदी लहान असते. ओढे, नाले आणि मुरमात मुरलेलं पाणीच तिला चालतं ठेवतं. अशा ठिकाणी एखादा नाला वळवला किंवा गाळाने भरला, तर त्याचा हिशेब एका वावरापुरता राहत नाही.

तपासतं कोण?

गिट्टी, मुरूम, वाळू, साधी माती यांना कायद्यात ‘गौण खनिज’ म्हणतात. गौण म्हणजे बिनमहत्त्वाचं असं मात्र नाही. १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्याने या खनिजांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. महाराष्ट्रात त्यासाठी २०१३ चे गौण खनिज उत्खनन नियम आहेत. खाणपट्टा, परवाना, स्वामित्वधन म्हणजे रॉयल्टी, हे काम महसूल खातं पाहतं. त्यात तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि जिल्हा खनिकर्म अधिकारी येतात.

पर्यावरणाची परवानगी ही वेगळी गोष्ट आहे. ती १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १४ सप्टेंबर २००६ रोजी निघालेल्या अधिसूचनेनुसार मिळते. या पद्धतीला पर्यावरण आघात मूल्यांकन म्हणतात. त्याचे चार टप्पे आहेत:

१. छाननी: प्रकल्प कोणत्या गटात बसतो ते ठरवणं.
२. व्याप्ती: कोणत्या गोष्टींचा अभ्यास करायचा ते ठरवणं.
३. लोकांचा सल्ला: जनसुनावणी आणि लेखी हरकती.
४. मूल्यमापन: तज्ज्ञ समितीने सगळे कागद तपासून शिफारस करणं.

प्रत्येक प्रकल्पाला चारही टप्पे लागत नाहीत. गिट्टी खदानीच्या बाबतीत खरी मेख इथेच आहे.

पाच हेक्टरची रेघ

सुरुवातीला पाच हेक्टरपेक्षा लहान खाणींना पर्यावरण परवानगी लागतच नव्हती. मग काय झालं? हरियाणात २०११ साली दगड-गोटे, खडी आणि वाळूच्या खाणींचे लिलाव निघाले, त्यात एकेक तुकडा साडेचार हेक्टरपेक्षा मोठा नाही असा बेत होता. सलग एकाच पट्ट्याचे लहान लहान तुकडे पाडायचे, म्हणजे तपासणीचा प्रश्नच नको! ‘दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी ही पळवाट बंद केली. पाच हेक्टरपेक्षा लहान गौण खनिज खाणीलाही पर्यावरण परवानगी लागेल, असं सांगितलं.

त्यानंतर १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने लहान खाणींसाठी जिल्हा पातळीवर प्राधिकरण आणलं. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. तपासणी गावाच्या जवळ आली, हे चांगलं वाटत होतं. पण खाणीचा लिलाव करणारं आणि पर्यावरणाची परवानगी देणारं कार्यालय जवळपास एकच झालं, आणि तज्ज्ञांचं बळही कमी पडत होतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने १३ सप्टेंबर २०१८ च्या आदेशात या व्यवस्थेवर बोट ठेवलं. त्यानंतर हे काम पुन्हा राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे गेलं.

गावाच्या दृष्टीने लक्षात ठेवायची गोष्ट अशी. एकटी खदान पाच हेक्टरपर्यंत असेल तर जनसुनावणी होत नाही. पण एकाच खनिजाच्या खाणी एकमेकींपासून ५०० मीटरच्या आत असतील, तर त्यांचा समूह धरतात. त्या समूहाचं एकूण क्षेत्र पाच हेक्टरच्या वर गेलं, तर सविस्तर अभ्यास आणि जनसुनावणी लागते. म्हणून ‘खदान फक्त चार हेक्टरची आहे’ असं कोणी सांगितलं, की गावाने विचारायचा पहिला प्रश्न हा: शेजारच्या गटात आधीची खदान आहे का, आणि ती किती मीटरवर आहे? याचं उत्तर गुराख्यालाही माहीत असतं. पण ते कागदावर आलं तरच मोजलं जातं.

जनसुनावणी: मतदान नाही, नोंद आहे

जनसुनावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी असतात, किंवा त्यांचे प्रतिनिधी. प्रतिनिधीही अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा चालत नाही. सुनावणीची सूचना एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात द्यावी लागते आणि लोकांना किमान ३० दिवस मिळाले पाहिजेत. अहवालाचा सारांश मराठीत हवा. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, स्थानिक संस्थेचं कार्यालय अशा ठिकाणी पाहायला ठेवावा लागतो.

हजर असलेल्या कोणालाही बोलता येतं, खुलासा मागता येतो. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. दहा जण आले तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं. म्हणजे बहिष्कार टाकून सुनावणी थांबत नाही, फक्त आपलं म्हणणं नोंदवायचं राहून जातं. आणि हजार जण विरोधात ओरडले म्हणून प्रकल्प आपोआप रद्दही होत नाही, कारण तिथे हात वर करून मोजणी होत नाही. शेवटी मुद्दे आणि त्यांवर अर्जदाराची उत्तरं स्थानिक भाषेत लिहून वाचून दाखवायची असतात. तिथेच बसून ऐकायचं आणि आपला मुद्दा राहिला असेल तर तिथेच सांगायचं.

नोंदीचं महत्त्व किती, ते गोव्याच्या एका प्रकरणातून कळतं. दक्षिण गोव्यातल्या एका लोहखनिज खाणीबद्दल ‘उत्कर्ष मंडळ विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर २००९ रोजी निकाल दिला. सुनावणीत आलेल्या हरकतींचा तज्ज्ञ समितीने खरोखर विचार केला पाहिजे आणि त्या का स्वीकारल्या किंवा का नाकारल्या याची कारणं लिहिली पाहिजेत, असं त्यात स्पष्ट केलं. पण नोंदलेल्या हरकतीलाच हे संरक्षण आहे. चहाच्या टपरीवर व्यक्त केलेल्या हरकतीला नाही.

सुनावणी नसेल तेव्हा काय?

बहुतेक गिट्टी खदानी लहान असतात, म्हणून हा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

पहिली जागा म्हणजे जिल्हा सर्वेक्षण अहवाल. जिल्ह्यात कोणतं गौण खनिज कुठे आहे, किती काढता येईल, हे त्यात असतं. लहान खाणींच्या परवानग्यांचा तो पाया आहे. मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस लोकांसाठी ठेवायचा असतो आणि दर पाच वर्षांनी अहवाल नवा करायचा असतो. गावाजवळ खदान यायच्या कितीतरी आधी हरकत घेण्याची ही संधी आहे. ती बहुतेक वेळा कोणाच्या लक्षात न येता निघून जाते.

दुसरी जागा ग्रामसभा. पेसा कायद्याखालच्या अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाच्या पट्ट्यासाठी ग्रामसभा किंवा पंचायतीची आधी शिफारस घेणं बंधनकारक आहे. बुलढाणा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे इथे ग्रामसभेचा ठराव एवढा बळकट नाही. तरी तो निरुपयोगीही नाही. ‘गावाचा विरोध आहे’ एवढ्या एका ओळीच्या ठरावाला वजन कमी. ‘प्रस्तावित गटापासून सार्वजनिक विहीर इतक्या मीटरवर, शाळा इतक्या मीटरवर, नाला हद्दीला लागून आहे, आणि हे अर्जात नाही’ असा ठराव बाजूला सारणं अवघड जातं.

तिसरी जागा क्रशर. दगड फोडणाऱ्या क्रशरला प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दोन संमती लागतात, एक उभारण्याची आणि दुसरी चालवण्याची. खदानीला परवानगी आहे म्हणजे क्रशरलाही आहे, असं नसतं.

सगळा खेळ अंतरांचा

पर्यावरण परवानगीच्या मुख्य अर्जात एक तक्ता असतो. प्रकल्पाच्या हद्दीपासून १५ किलोमीटरच्या आत काय काय आहे ते सरळ रेषेतल्या अंतरासह लिहायचं असतं: संरक्षित जंगल, नद्या-तलाव, दाट वस्ती, शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळं. लहान गौण खनिज खाणींसाठी २०१६ पासून ‘फॉर्म १ एम’ नावाचा आटोपशीर अर्ज आहे. अर्ज जेवढा आटोपशीर, तेवढं त्यातलं एकेक उत्तर जास्त मोलाचं.

या तक्त्यात गडबड झाली तर? गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या प्रकरणात (‘हनुमान लक्ष्मण आरोस्कर विरुद्ध भारत सरकार’) सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये पर्यावरण परवानगी स्थगित केली आणि समितीला पुन्हा तपासायला लावलं. परिसरातली जंगलं आणि संवेदनशील क्षेत्रं अर्जात नीट दाखवली नव्हती, हे त्यातलं मोठं कारण होतं. पुढे जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली, जादा अटी लागल्या आणि विमानतळ झाला. मुलांना ही दुसरी अर्धी गोष्टही सांगावी. तपासणीने प्रकल्प थांबतोच असं नाही. पुष्कळदा त्याला अटी लागतात, आणि त्या अटींतूनच पुढे गावाचं पाणी आणि हवा वाचते.

आपल्या जिल्ह्यात ज्ञानगंगा अभयारण्य आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ आणि २०२३ च्या आदेशांनुसार अभयारण्यात आणि त्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरपर्यंत खाणकामाला बंदी आहे. तिथेही निर्णय अंतरावरच होतो.

परवानगी मिळाल्यावर

परवानगी मिळाली म्हणजे गावाचं काम संपलं असं नाही. परवानगी मिळाल्याची जाहिरात वर्तमानपत्रांत द्यावी लागते. तिची प्रत ग्रामपंचायतीला येते आणि ती ३० दिवस फलकावर लावायची असते. निर्णय चुकीचा वाटला तर हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांची सवलत मिळू शकते. आपल्याला पुण्याचं खंडपीठ लागतं.

परवानगीच्या पत्रात अटी असतात: पाणी मारणं, टिप्पर ताडपत्रीने झाकणं, झाडं लावणं, खोलीची मर्यादा. या अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो आणि तो माहितीच्या अधिकारात मागता येतो. परवान्याशिवाय किंवा परवान्यापेक्षा जास्त उपसा झाला, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

रस्त्याच्या कामांबद्दल एक गोष्ट. मार्च २०२० मध्ये केंद्राने रस्ते, पाइपलाइन यांसारख्या कामांसाठी साधी माती काढायला पर्यावरण परवानगीतून सूट दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी ती सूट रद्द केली. 

आणि रस्त्याला माती-मुरूम हवाच असेल, तर आपल्याच जिल्ह्याने एक मार्ग दाखवला आहे. तलावांचं, नाल्यांचं खोलीकरण करायचं आणि त्यातून निघालेली माती-मुरूम महामार्गाच्या भरावाला वापरायचा. हा ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून ओळखला गेला. गिट्टीची गरज त्याने भागत नाही, पण भरावाच्या मुरमासाठी नवा खड्डा टाळता येतो आणि तलावाची जागाही वाढते.

वर्गात काय घेता येईल?

१. *टिप्परचं गणित (सातवी-आठवीसाठी).* समजा खदान ४ हेक्टरची, खोली १० मीटर. दगड किती? ४०,००० चौरस मीटर गुणिले १० म्हणजे ४,००,००० घनमीटर. एक घनमीटर बेसॉल्ट साधारण २.८ टन, म्हणजे ११,२०,००० टन. एका टिप्परमध्ये १६ टन धरले तर ७०,००० खेपा. पाच वर्षं, दर वर्षी ३०० दिवस काम, म्हणजे १,५०० दिवस. रोज सुमारे ४७ खेपा, येता-जाता ९४ फेऱ्या. दिवसाचे १० तास धरले तर साधारण दर सहा मिनिटांनी एक टिप्पर. प्रत्यक्षात कडा उताराच्या ठेवाव्या लागतात, म्हणून आकडा थोडा कमी येईल. पण शाळा त्याच रस्त्यावर असेल, तर मुलांना हा आकडा लगेच समजतो. ‘४ हेक्टर’ ऐकून जे कळत नाही, ते ‘सहा मिनिटं’ ऐकून कळतं.

२. *अंतर वही.* गावाचा नकाशा घेऊन शाळा, दवाखाना, सार्वजनिक विहिरी, नाले, वस्त्या नोंदवायच्या. मोबाइलच्या नकाशावर सरळ रेषेतलं अंतर मोजता येतं. खदान असो वा नसो, ही वही गावाकडे असावी.

३. *विहिरीची नोंद.* दोन-तीन विहिरी निवडून दर महिन्याला दोरीने पाण्याची पातळी मोजायची, तारखेसह लिहायची. हे मोठ्या माणसासोबतच करावं, कठड्याशिवायची विहीर घेऊ नये. ‘खदान झाल्यापासून पाणी उतरलं’ असं पुढे म्हणायचं असेल, तर आधी किती होतं हे लिहिलेलं हवं. एका उन्हाळ्याची नोंद पुरत नाही, दोन-तीन वर्षांची असली तर कोणीही ती गांभीर्याने घेतं.

४. *खोटी सुनावणी.* वर्गातच सुनावणी भरवा. कोणी अर्जदार, कोणी विहिरीचा मालक, कोणी टिप्पर चालवणारा ज्याचं पोट त्यावर आहे, कोणी घर बांधणारा, कोणी अधिकारी. दोन मुलांनी फक्त इतिवृत्त लिहायचं. शेवटी ते वाचून दाखवायचं आणि विचारायचं: तुम्ही जे बोललात, ते यात आलं का?

पालकांना एक विनंती. मुलांना खदानीच्या कडेला नेऊन दाखवू नका, आणि गावातल्या वादात त्यांना पुढे उभं करू नका. त्यांचं काम मोजण्याचं आणि लिहिण्याचं आहे.

खोदलेला खड्डा पुन्हा पहिल्यासारखा भरत नाही. म्हणून विचारायचं ते आधी आणि लेखी विचारायचं. या वर्षी एवढं तरी करू: शाळेत एक अंतर वही सुरू करू आणि जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा कधी निघतो याकडे लक्ष ठेवू. अर्ज येईल तेव्हा गावाकडे निदान स्वतःचे आकडे असतील.